वायरमन आयव्ही

सकाळी उठल्यावर मी पहिलं काम करते ते गीझर लावण्याचं. चष्मा नंतर, दात नंतर, देवाला हात जोडणं त्याच्याही नंतर. पुण्यात चाळीस वर्षं हेच केलं. गच्चीवर टाकी, टाकीत पाणी, बटन दाबलं की वीस मिनिटांत अंघोळ. गीझरमध्ये पाणी आहे का, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. पोळीत कणीक आहे का, असं कोणी विचारतं का?

हे सांगायचं कारण असं, की ह्याच सवयीपायी मी माझ्या मुलाच्या कॅरॅव्हॅनमधला गीझर जाळला, आणि तो दुरुस्त करायला जी बाई आली तिची ही गोष्ट आहे. माझी नाही. माझ्याविषयी जे येईल ते नाइलाजाने येईल.

माझा मुलगा विवेक सिडनीत कॅसल हिलला राहतो. कॉम्प्युटरमधलं काहीतरी करतो, जे त्याने मला तीनदा समजावलंय आणि मी तीनदा समजल्यासारखी मान हलवलीय. हे गेल्यावर दोन वर्षांपूर्वी मी त्याच्याकडे आले. यंदा एप्रिलच्या सुट्टीसाठी त्याने विंडसरच्या ल्यूक नावाच्या एका म्हाताऱ्याकडून जुनी कॅरॅव्हॅन घेतली. गाडीच्या मागे जोडायचं चाकांवरचं घर. पलंग, ओटा, शॉवर, सगळं आत. आमच्या गाडीच्या मानाने ते प्रकरण म्हणजे नाकापेक्षा मोती जड होतं, पण विवेक खूश होता. शनिवारी ती दारात आली. गुरुवारी समुद्राकडे निघायचं ठरलं होतं.

रविवारी पहाटे सगळे झोपलेले. मला वाटलं, अंघोळ आज आपल्या चाकांवरच्या घरात करून बघू. कॅरॅव्हॅनला घरातून वायर जोडलेली होतीच. आत गेले, चष्मा नव्हता, पण गीझरचं बटन शोधायला मला चष्मा लागत नाही. लाल बटन दाबलं आणि चहा टाकायला घरात आले. चहाला उकळी येते न येते तोच स्वयंपाकघरातला दिवा गेला. परत कॅरॅव्हॅनमध्ये गेले तर करपल्याचा वास. मी बटन बंद केलं, दार लावलं आणि अंधारात चहा प्यायले.

विवेक उठला, त्याने बोर्डावरचा सेफ्टी स्विच वर केला आणि दोष टोस्टरला दिला. मी मूग गिळून बसले. का, तेही सांगते. महिन्यापूर्वी मी गॅसवर दूध ठेवून विसरले होते. छताला लावलेला भोंगा बोंबलला, घरभर धूर झाला. तेव्हापासून शेगडीच्या वर सुनेने, स्वरदाने, गॅस बंद केला का, अशी पिवळी चिठ्ठी चिकटवलीय, आणि माझी नऊ वर्षांची नात ओवी मी स्वयंपाकघरातून बाहेर आले की आत डोकावून येते. कोणी मला काही बोलत नाही, सगळे फार गोड वागतात. तेच मला सहन होत नाही. आणखी एक चिठ्ठी मला नको होती.

संध्याकाळी विवेकने कॅरॅव्हॅनच्या टाकीत पाणी भरलं, बटन दाबलं, आणि पुन्हा अर्ध्या घरातली वीज गेली. मग मात्र त्याचं डोकं फिरलं. तो गीझर गॅसवरही चालतो, पण माझ्या दुधानंतर विवेक कोणाला गॅसचं नावच काढू देत नाही. सोमवारी त्याने ल्यूकला लांबलचक मेसेज पाठवला. मला वाचून दाखवला. त्यात फसवणूक, बंद पडलेली वस्तू, कॅरॅव्हॅन परत घ्या, असं सगळं होतं. मी म्हटलं, जरा कडक झालाय. तो म्हणाला, "आई, तुला कळत नाही, अशा लोकांना असंच लिहावं लागतं."

सुट्टीच्या तोंडावर एकही इलेक्ट्रिशियन मोकळा नव्हता. शेवटी त्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी पेंडल हिलचा एक नंबर दिला. आयव्ही तुस्कानो. मराठी बोलतात, एवढीच माहिती.

बुधवारी दुपारी एक जुनी पांढरी गाडी दारात थांबली. आतून पन्नाशी उलटलेली, बुटकी, रुंद खांद्यांची बाई उतरली. पायात जड बूट, गुडघ्यांना पट्टे, केस मानेपर्यंत कापलेले. विवेक पुढे गेला आणि तिच्या खांद्यावरून गाडीत बघू लागला.

"इलेक्ट्रिशियन मागून येतायत का?"

"पुढूनच आली," बाई म्हणाली. "मीच आयव्ही. पाण्याचा हीटर कुठाय?"

विवेक ओशाळला. मी दारात उभी राहून हसले. खोटं कशाला बोलू, मीही त्या गाडीत पुरुषच शोधत होते.

तिने आधी घरातून आलेली वायर काढली, मग कॅरॅव्हॅनच्या बाहेरच्या बाजूला असलेलं छोटं झाकण उघडलं, आणि वायर काढलेली असूनही मीटरच्या दोन सुया लावून आत वीज नाही ना ते तपासलं. मग तो मीटर घरातल्या प्लगला लावून, मीटर तरी शुद्धीवर आहे का तेही बघून आली. विवेकला मीटिंग होती, तो आत गेला. मी खुर्ची टाकून तिथेच बसले. चोराच्या मनात चांदणं. आत काय सापडतंय ते मला बघायचं होतं.

टाकीचं खालचं बूच काढल्यावर पाणी ड्राइव्हवेवरून वाहत गेलं. टाकी रिकामी व्हायला वेळ लागणार होता. मी तिला चहा दिला आणि विचारलं, हे काम कुठे शिकलात. तिने चहात बिस्किट बुडवलं आणि सांगायला लागली. तिचं बोलणं तिच्या कामासारखंच होतं, एक स्क्रू काढायचा, बाजूला ठेवायचा, मग दुसरा.

ती वसईजवळच्या गासची. वडलांची पानवेलीची बाग होती आणि विहिरीवरचा पंप सारखा बिघडायचा. मेकॅनिक दोन दोन दिवस यायचा नाही. तेराव्या वर्षी आयव्हीने पंप उघडला आणि तो चालू झाला. "कसा झाला ते तेव्हा कळलं नाही," ती म्हणाली, "म्हणून शिकायला गेले." आयटीआयला वायरमनच्या वर्गात चाळीस मुलगे आणि ही एकटी. पुढे वसई पूर्वेला पंपांच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरायच्या एका वर्कशॉपमध्ये अकरा वर्षं काम केलं. जळलेल्या मोटारीचा वास घेऊन ती सांगायची, पाणी शिरलं की ओझं जास्त झालं.

नवरा लिओनार्ड अकाउंटंट. त्याच्या नोकरीमुळे सोळा वर्षांपूर्वी ते सिडनीला आले. त्याची डिग्री इथे चालली, हिचं सर्टिफिकेट चाललं नाही. इथे भिंतीतला प्लगसुद्धा लायसन्सशिवाय बदलता येत नाही. मग एका नर्सिंग होममध्ये लागली. आधी कपडे धुवायला, मग म्हाताऱ्या माणसांचं सगळं करायला. तिथं चौदा वर्षं.

"काम वाईट नव्हतं," ती म्हणाली. "माणसं जीव लावायची. पण तिथली ट्यूब उडाली की इलेक्ट्रिशियन यायचा, आणि मी खाली उभी राहून त्याला टॉर्च दाखवायची. एकदा तो चुकीची वायर धरत होता. मी म्हटलं, ती नाही, शेजारची. तो म्हणाला, 'लव्ह, यू जस्ट होल्ड द लाइट.' त्या रात्री घरी येऊन लिओनार्डला सांगितलं, माझे कागद शोध."

कागद गोळा करायला दोन वर्षं गेली. वर्कशॉप बंद पडलेलं, मालक वारलेला. आयटीआयच्या जुन्या मास्तरांनी पत्र लिहून दिलं. मग परीक्षा, मग ब्लॅकटाउनच्या अ‍ॅरन नावाच्या ठेकेदाराच्या हाताखाली सुट्टीच्या दिवशी काम. त्रेपन्नाव्या वर्षी लायसन्स हातात आलं. नर्सिंग होमने तिला एक वर्षाची बिनपगारी रजा दिली होती, स्वतःचं काही जमतंय का बघायला. ते वर्ष संपत आलं होतं.

"मग जमलं का?" मी विचारलं.

"चर्चमधली माणसं पंखे लावून घेतात आणि आशीर्वाद देतात. बाकीचे फोनवर आवाज ऐकतात आणि म्हणतात, परत फोन करू." तिने कप खाली ठेवला. "परवा शुक्रवारी पाचच्या आत त्यांना कळवायचंय, परत येते की सोडते. हातात आजचं हे एक काम आहे, शोभाताई. ह्याच्यानंतर वहीत काहीच नाही."

हे सांगताना ती रडत नव्हती, गाऱ्हाणंही घालत नव्हती. चोपन्न वर्षांची बाई, एवढा डोंगर चढून वर आलेली, आणि वर येऊन बघते तर तिथं कोणीच नाही.

टाकी रिकामी झाली. तिने लांब दांड्याचा पाना एलिमेंटला लावला. तो हलेना. एलिमेंट म्हणजे पाणी तापवणारी वेटोळ्याची कांडी, टाकीच्या तोंडाला पेचाने बसवलेली. आयव्हीने दांड्यावर सगळं वजन टाकलं, दात आवळले, मानेवरच्या शिरा फुगल्या, आणि कर्र करून ती सुटली. तिने ती बाहेर काढून तळहातावर धरली. वेटोळं एका जागी फुटलं होतं आणि भोवती निळं-काळं झालं होतं. बाकी कांडी चकचकीत, नवी. तिने ती नाकाशी नेली.

तेवढ्यात विवेक बाहेर आला. "काय निघालं?"

"कोरडा जळलाय," आयव्ही म्हणाली. "जुना होऊन जळला असता तर ह्यावर पांढरा थर असता. हा नवा आहे. पाणी नसताना कोणीतरी चालू केला. घेतली तेव्हा टाकीत पाणी होतं?"

"नाही. त्याने रिकामी करून दिली. रविवारी संध्याकाळी मी भरली."

"त्याने गरम पाणी दाखवलं होतं?"

"दाखवलं होतं, पण ते गॅसवर असणार. ही मस्ट हॅव बर्न्ट इट हिमसेल्फ." विवेकच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "परफेक्ट. मला हे लिहून द्या. रविवारी सकाळपासून माझा सेफ्टी स्विच उडतोय, मी उगाच टोस्टरला शिव्या घातल्या."

"रविवारी सकाळी उडाला?" आयव्हीने विचारलं. "पाणी भरायच्या आधी?"

"हो, पहाटेच. आम्ही सगळे झोपलो होतो."

आयव्हीने माझ्याकडे बघितलं. नंतर माझ्या हातातल्या कपाकडे. मग पुन्हा एलिमेंटकडे बघू लागली. तिला कळलं होतं. मी तोंड उघडलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. मी कपातली साय बोटाने काढत बसले.

विवेक मोबाइल काढून बोलत होता. "एकच वाक्य हवंय. विकायच्या आधीच जळलेला होता, असं. लायसन्स असलेल्या माणसाने लिहिलं की तो कॅरॅव्हॅन परत घेईल. आणि आयव्ही आंटी, आमच्या कॅसल हिलच्या ग्रुपवर तीनशे घरं आहेत. मी आज तुमचं नाव टाकतो. ख्रिसमसपर्यंत तुम्हाला श्वास घ्यायला वेळ मिळणार नाही."

माझा मुलगा वाईट नाही. त्याला मनापासून वाटत होतं की तो खरं तेच मागतोय, आणि वर हिचं भलंही करतोय. पण हिला ठाऊक होतं की ते खरं नाही, आणि मला त्याहून पक्कं ठाऊक होतं. तीनशे घरं. शुक्रवार दोन दिवसांवर.

आयव्हीने फडक्याने हात पुसले. एक एक बोट पुसलं.

"हे मला लिहिता येणार नाही."

"का? तुम्हीच म्हणालात कोरडा जळलाय."

"तेवढं लिहीन. पाण्याशिवाय चालू झाला म्हणून जळला. विकायच्या आधी जळला हे मी बघितलेलं नाही."

"पण दुसरं काय असणार?"

"ते मला विचारू नका. मी हीटर दुरुस्त करते."

विवेकने ओठ आवळले. "नो वरीज," तो म्हणाला. ज्या आवाजात हे शब्द म्हटले की काळजीच सुरू होते, त्या आवाजात. ग्रुपचं पुढे काही बोलला नाही. मोबाइल खिशात घातला आणि मीटिंगला परत गेला.

आयव्ही कामाला लागली. टाकीच्या तोंडाचे पेच ब्रशने घासले, नवा वॉशर बसवला, नवा एलिमेंट आधी हाताने फिरवत फिरवत आत नेला, अगदी शेवटी पान्याने आवळला. मी बघत राहिले. ती मला काही विचारेल, निदान टोमणा मारेल म्हणून वाट बघितली. तिने काही विचारलं नाही. शेवटी मीच म्हटलं, "तुला कळलंय ना?"

"अ‍ॅरनकडे असताना असे तीन एलिमेंट बदलले," ती पाना फडक्याने पुसत म्हणाली. "तिन्ही वेळा आपलीच माणसं. आपण आधी गीझर लावतो, मग दात घासतो. घरी टाकी कायम भरलेली असते, म्हणून चालतं."

"मग सांगितलं का नाहीस त्याला?"

"मला माहीत नाही, शोभाताई. मला वाटतं, एवढंच. वाटतं ते मी लिहीत नाही आणि बोलतही नाही. पुढे कोणाचं काय होईल ते आपल्याला दिसत नसतं."

मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. एका पिवळ्या चिठ्ठीच्या भीतीने मी एका म्हाताऱ्याला चोर ठरवू दिलं होतं, आणि ह्या बाईचं पुढचं आयुष्य माझ्या कपातल्या सायीएवढं ठरवलं होतं. मी उठले. गुडघे दुखतायत हेसुद्धा तेव्हा कळलं नाही. सरळ विवेकच्या खोलीत गेले.

"विवेक, तो गीझर मी जाळला. रविवारी पहाटे. त्या ल्यूकने काही केलेलं नाही."

विवेकचा माइक चालू होता. पडद्यावर आठ-दहा चेहरे होते आणि त्यातला एक, मेलबर्नचा निनाद, मराठी होता. तो एवढा हसला की खुर्चीसकट मागे गेला. विवेकने घाईघाईने माइक बंद केला आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं ओरडेल. त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली.

"आई, मला सांगितलं का नाहीस?"

"तू मग आणखी गोड वागला असतास," मी म्हटलं. "मला ते नको होतं."

त्याने डोळे चोळले. मग ल्यूकला फोन लावला आणि माझ्यासमोर माफी मागितली. कोत्या मनाचा नाही माझा मुलगा. पलीकडे म्हातारा हसताना मला ऐकू येत होता. त्याच्या बायकोने, केलीने, दोनदा जाळला होता म्हणे. मागच्याच वर्षी ती गेली, आणि जायच्या आधी स्वतःच्या हाताने बटनाखाली चिठ्ठी लावून गेली, आधी पाणी बघा म्हणून. मी चष्मा लावून जाऊन बघितलं. चिठ्ठी तिथेच होती. ल्यूकने विचारलं, हे शोधून कोणी काढलं. विवेकने आयव्हीचं सगळं सांगितलं. तिने काय लिहायला नकार दिला तेही.

टाकी भरली. आयव्हीने मला आत बोलावलं आणि गरम पाण्याचा नळ उघडला. आधी फसफस हवा आली, मग थुंकल्यासारखं पाणी, मग सरळ धार. "ही धार बघितल्याशिवाय बटन नाही," ती म्हणाली. "आता दाबा." मी दाबलं. घरातला एकही दिवा गेला नाही. पाऊण तास ती बाहेर पायरीवर बसून राहिली, पाणी तापल्याची खात्री करायला. विवेक तिच्यासाठी खायला घेऊन बाहेर आला, माफी मागायला शब्द शोधत राहिला आणि शेवटी तिच्या पुढ्यात पोह्यांची बशी ठेवून आत गेला. ती निघताना मी गाडीपर्यंत गेले.

"शुक्रवारी काय कळवणार?"

"बघते," ती म्हणाली. "लिओनार्ड म्हणतो, परत जा. त्याचंही चूक नाही." आणि गाडी वळवून गेली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

गुरुवारी आम्ही निघालो. शुक्रवारी समुद्राकाठच्या कॅरॅव्हॅन पार्कमध्ये मी आधी नळाची धार बघितली, मग बटन दाबलं, आणि अंघोळ करून बाहेर आले तर विवेक मोबाइल नाचवत उभा. ल्यूकचा मेसेज होता. त्याचा कॅरॅव्हॅनवाल्यांचा क्लब आहे. मे महिन्यात इथे थंडी सुरू होते, तेव्हा ते सगळे उत्तरेकडे उबेला निघतात, त्याआधी अकरा जणांना वीज आणि हीटर तपासून घ्यायचे आहेत. त्यांना ती बाई हवी होती. लिहून दे म्हटलं तरी न लिहिणारी.

मी घड्याळ बघितलं. साडेतीन. दीड तास हातात होता. तीन वेळा फोन लागला नाही. चौथ्यांदा तिने उचलला.

"आयव्ही, नर्सिंग होमला ते पत्र पाठवू नकोस," मी एका दमात म्हटलं. "नोकरी धरायची नाही. ऐक माझं, अकरा कामं आहेत."

"पत्र तर मी बुधवारीच पाठवलं."

मी कॅरॅव्हॅनच्या पायरीवर बसले. "अगं, थांबायचं होतंस. परत येते म्हणून कळवलंस?"

"नाही. सोडते म्हणून."

"बुधवारी? हातात एक काम नसताना?"

"एकही नव्हतं," ती म्हणाली. "तुमच्याकडून घरी गेले आणि लिओनार्डला म्हटलं, आज मी तीनशे घरं घालवली. तो म्हणाला, काय झालं? मी सांगायला लागले. आणि सांगता सांगता माझ्या लक्षात आलं, तुमच्या विवेकला नाही म्हणताना मी कोणाला विचारलं नव्हतं. चौदा वर्षं मी खिडकी उघडायलासुद्धा सुपरव्हायझरला विचारत होते, शोभाताई. मग जेवायच्या आधीच पत्र पाठवून दिलं."

मी मोबाइल दुसऱ्या कानाला लावला.

"अकरा म्हणालात का?" तिने विचारलं. आणि मग फोनपासून तोंड लांब नेऊन तिने लिओनार्डला हाक मारली, वही घेऊन ये म्हणून.